खाडीकाठचा हवामान फलक : ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदी

६ ऑक्टोबर

सोसायटीच्या ओट्यावरच्या फळ्याला काळ्या रंगाचा दुसरा हात मारून झाला. वर पांढऱ्या ऑइलपेंटने कायमचे रकाने आखले : तारीख, पहाटेचं किमान, दुपारचं कमाल, वारा, दव, पाऊस. खालचा अर्धा फळा मोकळा ठेवला आहे, तिथे 'पुढचे पाच दिवस'. तो मजकूर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी लिहायचा, कारण त्याच दिवशी ग्रामीण कृषी मौसम सेवेचा जिल्ह्यासाठीचा सल्ला येतो.

गावात अंदाजांचा तुटवडा नाही. प्रत्येकाच्या मोबाइलवर एखादं अ‍ॅप आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर कुठले कुठले इशारे फिरत असतात. अडचण वेगळीच आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याचा अंदाज म्हणजे बांद्यापासून वैभववाडीपर्यंत आणि तिथून देवगडपर्यंत सगळ्यांना एकच आकडा. वाघोटण खाडीच्या काठावरची आमची वाडी, वरचा कातळाचा सडा, म्हणजे पठार, आणि व्हाळाच्या (ओढ्याच्या) खोलगटातल्या कलमांच्या बागा, हे तिन्ही त्या एका आकड्यात मावत नाहीत. भात कधी कापायचं, कुळीथ कधी पेरायचा, पहिली फवारणी कधी घ्यायची, हे ज्याचं त्याला स्वतःच्या जागेवर ठरवावं लागतं. म्हणून हवामान विभागाचा अंदाज हा पाया धरायचा आणि त्याच्या शेजारी गावाचं स्वतःचं वाचन ठेवायचं, एवढाच हा प्रकल्प आहे.

तीन पेट्या बसवल्या. एक शाळेच्या आवारात, खाडीला लागून. दुसरी सड्यावर पाण्याच्या टाकीजवळ. तिसरी व्हाळाकाठच्या बागेत, मांगरापासून (बागेतल्या खोपटापासून) लांब. लाकडी, झडपांच्या, पांढऱ्या रंगाच्या, दार उत्तरेकडे म्हणजे वाचताना काचेवर ऊन पडत नाही. जमिनीपासून उंची साधारण सव्वा मीटर. आत कमाल-किमान तापमापक. शाळेतल्या पेटीत हवेतला दमटपणा कळावा म्हणून ओला-कोरडा तापमापकही आहे. बसवण्याआधी सगळे तापमापक मासळीच्या बर्फाच्या चुऱ्यात एकत्र ठेवून शून्य तपासून घेतलं. वाचन रोज सकाळी साडेआठला, हवामान विभागाच्या ठाण्यांवर होतं त्याच वेळी. नाहीतर आमचे आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येणार नाहीत.

९ ऑक्टोबर

काल संध्याकाळी घाटावरून ढग उतरले, तासभर विजांचा पाऊस झाला आणि रात्री आठला चांदणं पडलं. 'पाऊस गेला काय?' असं आज दिवसभर लोक विचारत होते.

मोसमी पाऊस परतला हे हवामान विभाग असंच म्हणत नाही. माघार पश्चिम राजस्थानपासून सुरू होते. तिथे सलग पाच दिवस पाऊस नाही, दीड किलोमीटर उंचीवरचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरू लागले आणि हवेतली वाफ बरीच कमी झाली, हे तिन्ही जुळल्यावर ते जाहीर होतं. २०२० साली या तारखा नव्याने ठरवल्या. त्यानुसार राजस्थानच्या पश्चिम टोकावरून माघारीची सरासरी तारीख १७ सप्टेंबर, मुंबईची ८ ऑक्टोबर. आपण मुंबईच्या दक्षिणेला, म्हणजे आपल्याकडे आणखी थोडा उशीर. शिवाय ही सरासरी आहे. २०१९ मध्ये माघारीची सुरुवातच ९ ऑक्टोबरला झाली होती.

फळ्यावर लिहिलं : 'मोसमी पाऊस अजून परतलेला नाही. दुपारनंतर विजांचा पाऊस शक्य. हळवं भात तयार असेल तर सकाळी कापा, त्याच दिवशी उचला. पेंढ्या रात्री मळ्यात ठेवू नका.'

१४ ऑक्टोबर

आता खरी ऑक्टोबर हीट. आकाश निरभ्र, जमीन अजून ओली, ऊन सरळ अंगावर. शाळेच्या पेटीत कमाल ३५.५, सड्यावर ३६.

आज दुपारभर जेटीच्या खांबाला बांधलेली फीत बघत शाळेच्या पायरीवर बसले होते. सकाळी नऊपासून फीत खाडीच्या तोंडाकडे फडकत होती, म्हणजे वारा पूर्वेचा, घाटाकडून समुद्राकडे जाणारा. साडेबाराला कोरडा तापमापक ३५, ओला २६. घाम येत होता पण वाळत होता, ओठ कोरडे पडत होते. एक वाजून गेल्यावर फीत लोंबली. दहा-बारा मिनिटं काहीच हलत नव्हतं, आणि तो सगळ्या दिवसातला नकोसा वेळ. मग फीत हळूहळू उलटी वळली, खारा वारा आत आला. अर्ध्या तासात कोरडा ३२ वर उतरला, पण ओला साडेसत्तावीसला चढला. तापमान तीन अंशांनी कमी झालं आणि अंगाची चिकचिक मात्र वाढली. दोन तापमापक शेजारी असल्याशिवाय हे कळलं नसतं.

यातून फळ्यावर एक रकाना वाढवला : 'खारा वारा किती वाजता'. या दिवसांत दुपार किती तापणार हे जवळजवळ त्यावरच ठरतं. घाटमाथ्यावरून आलेली हवा खाली उतरताना दाबली जाते आणि कोरडी असेल तर दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी तापते. कोल्हापूरकडचं पठार साडेपाचशे-सहाशे मीटरवर आहे. तिथली हवा किनाऱ्यावर पोचेपर्यंत सहज पाच-सहा अंश कमावते. पूर्वेचा वारा जोरात असला की समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला तो दुपारपर्यंत अडवून धरतो. अकराला खारा वारा आला तर दिवस तेहतिसावर थांबतो, दीडला आला तर छत्तिसाला भिडतो.

किनारी ठाण्यांसाठी उष्णतेच्या लाटेचा निकषही वेगळा आहे : कमाल निदान ३७ आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश जास्त. विदर्भातल्या माणसाला ३७ काहीच वाटणार नाही, पण इथल्या दमट हवेत मळ्यात वाकून भात कापणाऱ्या बाईला ते भारी पडतं. फळ्यावर कापणीच्या सूचनेखाली लिहिलं : 'अकरा ते तीन सावलीत. पाणी, ताक, कोकम सोबत ठेवा.' हे कोणाला सांगायची गरज नाही असं एकजण म्हणाले. मला वाटतं, आहे. मजुरीवर आलेल्या बायका स्वतःहून थांबत नाहीत. फळ्यावर लिहिलेलं असलं की मालकाला थांबवावं लागतं.

१९ ऑक्टोबर

कापणीने वेग धरला. 'वैभव' नावाच्या विळ्याने जमिनीलगत कापतात, सकाळी, दाणे गळू नयेत म्हणून. हळव्या जाती जवळपास संपल्या, निमगरवं चालू आहे, गरवं अजून हिरवट.

तांडेल आजोबांना विचारलं, थंडी कधी? ते जेटीवर जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "वारो अजून फिरूक नाय. आणखी आठ दिस जातले." त्यांच्या बोलण्यात आणि माझ्या नोंदीत विरोध नाही. पहाटे मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, सुटतो आहे, पण सूर्य वर आला की पडतो. त्यांना अपेक्षित असलेला, उत्तरेकडून सरळ येणारा कोरडा वारा अजून लागलेला नाही.

किमान : शाळा २४, सडा २३.५, व्हाळ २३. फरक नगण्य.

२४ ऑक्टोबर

लक्षद्वीपच्या बाजूला कमी दाबाचं क्षेत्र. हवामान विभागाचा इशारा सकाळीच आला : दक्षिण कोकणात दोन दिवस विजांसह पाऊस, काही ठिकाणी जोरदार, समुद्र खवळलेला, मच्छीमारांनी जाऊ नये. बंदरावर बावटा चढला. तीन नंबरचा. एक नंबर म्हणजे वादळी हवा लांब समुद्रात, तीन नंबर म्हणजे सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका खुद्द बंदराला. नव्या पोरांना हा फरक माहीत नसतो, म्हणून फळ्यावर एका ओळीत लिहून ठेवला, आणि तो वर्षभर पुसायचा नाही.

थंडीची वाट बघण्याच्या दिवसांतच हा धोका असतो, हे लोकांच्या मनात नीट बसायला हवं. पावसाळ्याच्या भरात वरच्या आणि खालच्या थरांतले वारे परस्परविरुद्ध आणि जोराचे असतात, त्यामुळे वादळाला उभं राहायला सवड मिळत नाही. पाऊस परतताना ते वारे ढिले पडतात. समुद्राचा पृष्ठभाग मात्र २८-२९ अंशांवर असतो आणि वादळाला साडेसव्वीस पुरे होतात. 'फयान' ११ नोव्हेंबर २००९ ला अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं, आणि त्याआधी वाटेत रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कितीतरी होड्यांची दैना करून गेलं. २०१९ मध्ये ऐन दिवाळीत 'क्यार' किनाऱ्याला न लागताच पश्चिमेला वळलं, पण वळण्याआधी त्याच्या पावसाने कापलेलं भात मळ्यात भिजवलं आणि पेंढ्यांवरच दाण्यांना कोंब आले. २०१७ च्या डिसेंबरात 'ओखी'च्या वेळी केरळ-तामिळनाडूच्या होड्या आसऱ्याला देवगड बंदरात आल्या होत्या, ते आमच्या गावातल्या पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. वादळ किनाऱ्यावर आलंच पाहिजे असं नाही, दोनशे किलोमीटरवरून गेलं तरी शेताचं आणि दर्याचं काम थांबतं.

घाटावर म्हणतात, पडतील स्वाती तर पिकतील मोती. त्यांच्या रब्बीला ते खरं असेल. आमच्याकडे स्वातीचा पाऊस कापलेल्या भातावर पडतो.

आज फळ्यावर फक्त तीन ओळी, मोठ्या अक्षरात : 'आज कापू नका. कापलेलं असेल ते संध्याकाळच्या आत घरात किंवा उडवीवर, वर ताडपत्री. होड्या वर ओढा.' दुपारी तीनपर्यंत वाडीतली सगळी माणसं मळ्यात होती. ज्यांचं आटपलं ते दुसऱ्यांच्या मळ्यात उतरले. टेम्पोवाल्याने भाडं न घेता चार घरांचे भारे पोचवले.

२७ ऑक्टोबर

पाऊस दोन दिवस झाला, क्षेत्र पश्चिमेला सरकलं. गावात कापलेलं भात भिजलं नाही. उभं गरवं दोन मळ्यांत आडवं झालं आहे. पाणी काढून आधी तेच कापावं लागेल.

कलमांच्या बाबतीत या पावसाचा हिशेब पुढे चुकवावा लागणार. त्याची नोंद सवडीने.

३ नोव्हेंबर

आज पहाटे फरक उघडला. शाळा २२, सडा २१, व्हाळ १८.५. खाडीकाठ आणि व्हाळ यांत हवेतलं अंतर दीड किलोमीटरही नाही.

पाच वाजता बॅटरी घेऊन व्हाळाकडे गेले. मांगराच्या पुढे उतार सुरू होतो तिथे गडग्याला (दगडी कुंपणाला) एक खिंडार आहे. त्या खिंडारातून खाली जाताना पोटऱ्यांना आधी गार लागलं, मग कमरेला. गवत ओलंचिंब, पेटीच्या छपरावर दवाचे थेंब धरलेले, बाजूच्या कलमाच्या वरच्या पानांना मात्र फारसं दव नाही. गार हवा जड असते, ती सड्याच्या उतारावरून घसरत येऊन खोलगटात साचते. रात्र निरभ्र हवी, वारा पडलेला हवा आणि हवा कोरडी हवी, म्हणजे जमिनीची दिवसभराची उष्णता थेट वर निघून जाते. खाडीचं पाणी मात्र लवकर गार होत नाही, म्हणून शाळेची पेटी ढिम्म.

दुपारी कमाल ३४. कालही ३४. म्हणून लोक म्हणताहेत, थंडी कुठे आहे? फळ्यावर हेच समजावून लिहायला हवं. किनाऱ्यावर ऋतू बदलतो तो पहाटे. दुपारी तो दिसत नाही. रत्नागिरीची दीर्घकालीन सरासरी बघितली तर नोव्हेंबरची दुपार मेच्या दुपारपेक्षा कमी तापत नाही, कारण मे महिन्यात समुद्रावरचा वारा लवकर आत येतो आणि नोव्हेंबरात पूर्वेचा वारा त्याला रोखतो. जो दुपारच्या कमाल आकड्यावर थंडीची वाट बघेल तो डिसेंबर संपेपर्यंत वाटच बघेल. मोबाइलवरचे अ‍ॅप ठळक अक्षरात कमाल दाखवतात. आम्ही आजपासून किमानाचा रकाना डावीकडे आणला आणि पिवळ्या खडूने लिहायला लागलो.

९ नोव्हेंबर

मळणी चालू. खळ्यावर झोडणीचा आवाज पहाटेपासून.

मोकळ्या झालेल्या मळ्यांत कुळीथ आणि पावटा. भात निघाल्यावर जमिनीत जी ओल राहते तेवढ्यावरच हे पीक येतं, वरून पाणी नाही. त्यामुळे इथे घाई योग्य. पूर्वेचा कोरडा वारा आणि चौतीस अंशांचं ऊन आठवड्याभरात वरचा थर सुकवतात. फळ्यावर : 'पुढचे पाच दिवस कोरडे. ओल आहे तोवर पेरून घ्या.' ऑक्टोबरअखेरच्या पावसाने इथे मात्र भलं केलं, ढेकूळ मुठीत दाबलं की अजून बसतं.

१५ नोव्हेंबर

आज बागायतदारांची बैठक, सोसायटीच्या ओट्यावर. सगळ्यांचा प्रश्न एकच. वरच्या वाडीतल्या काकींनी तो विचारला : "यंदा म्होर कधी येतलो गो बाय?"

तारीख सांगितली नाही, कारण तारीख सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. जे सांगितलं ते इथे नीट लिहून ठेवते.

हापूस मोहोरायला दोन गोष्टी लागतात. पहिली, काडी जून झालेली हवी. नवी पालवी आली की तिला पक्व व्हायला तीनेक महिने जातात, तोवर तिच्या शेंड्याला मोहोर धरत नाही. दुसरी, रात्री गार हव्यात, आणि एखाद-दुसरी नव्हे, सलग. पंधरा ते सतराच्या आसपासचं किमान काही दिवस टिकलं की जून काडीचे डोळे फुगायला लागतात. यातली एक गोष्ट असून दुसरी नसेल तर उपयोग नाही. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत ज्यांनी कल्टार (पालवीची वाढ रोखणारं संजीवक) घातलं आहे त्यांच्या कलमांनी पालवी कमी टाकली असेल, ती आधी तयार होतील. पण थंडीला पर्याय त्यांनाही नाही.

आता ऑक्टोबरअखेरच्या पावसाचा हिशेब. बैठकीनंतर सगळे मिळून बागेत फिरलो. व्हाळाकाठी निम्म्याहून जास्त कलमांवर तांबूस कोवळी पालवी आहे, बोटभर लांब, हाताला लोण्यासारखी मऊ. सड्यावर, कातळाच्या सुरुंगाने फोडलेल्या खड्ड्यांत लावलेल्या कलमांवर पालवी जवळजवळ नाही. तिथे पाणी थांबत नाही, मुळांना ताण लवकर बसला. म्हणजे गार रात्री व्हाळाला मिळणार आणि तयार काडी सड्यावर आहे. दोन्ही एका जागी जुळलेलं नाही. माझा अंदाज मी तिथेच सांगितला : पहिला मोहोर सड्यावर, जेव्हा सड्याच्या पेटीतलं किमान काही दिवस सतरा-अठराच्या खाली राहील तेव्हा. व्हाळाकाठी थोडा पहिल्या टप्प्यात, बाकीचा जानेवारीनंतर. ज्यांची दोन्हीकडे कलमं आहेत त्यांनी दोन्हीकडे एकाच दिवशी फवारणीचा घाट घालू नये.

कोवळ्या पालवीवर तुडतुडे आणि मिजमाशी येतात. ती पालवी वाचवायची आहे कारण जानेवारीनंतरचा मोहोर तिच्यावरच यायचा आहे. औषध आणि मात्रा मी फळ्यावर लिहीत नाही. त्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं आंबा फवारणीचं वेळापत्रक सोसायटीत चिकटवलेलं आहे, ते बघायचं. दुकानदार सांगेल ते नाही. हे मी बैठकीत जोर देऊन बोलले आणि पुन्हा बोलेन. मोहोराच्या आधीच दोन-तीन जादा फवारण्या करून बसलेला बागायतदार कर्जात जातो आणि त्याच्या बागेतल्या माश्या मरतात. हापूसचं परागीभवन बरंचसं माश्यांवरच चालतं.

एका तरुणाने विचारलं, मग जितकी जास्त थंडी तितकं चांगलं? नाही. डोळे फुटायला थंडी हवी, पण मोहोर लांबत असताना फार गारठा राहिला तर त्यात नर फुलंच जास्त निघतात, फळ धरणारी उभयलिंगी फुलं कमी. माश्याही फिरत नाहीत. झाड मोहोराने भरलेलं दिसतं आणि कणी (बारीक फळ) धरत नाही. शिवाय थंडी फेब्रुवारीपर्यंत रेंगाळली तर त्याच काडीवर पुन्हा मोहोर येतो आणि आधीची कणी गळते.

२१ नोव्हेंबर

किमान वर चढलं : शाळा २४, सडा २३, व्हाळ २२.५. तिन्ही पेट्या पुन्हा एका रांगेत. आकाश पांढुरकं, दव नाही, फीत सकाळपासून आग्नेयेचा वारा दाखवते आहे.

तामिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस जोरात आहे आणि बंगालच्या उपसागरातून एक पट्टा केरळ-कर्नाटकावरून पश्चिमेला सरकला आहे. पाऊस आमच्यावर नाही, फक्त त्याचे वरचे ढग आले आहेत. पण थंडी घालवायला तेवढे पुरे. ढग म्हणजे रात्रीवर पांघरलेली गोधडी, जमिनीची ऊब वर जाऊच देत नाही.

दक्षिण कोकणातला थंडीचा अंदाज दोन दिशांना बघून करावा लागतो, हे या आठवड्याने स्पष्ट दाखवलं. थंडी येते उत्तरेकडून. हिमालयावरून पश्चिमी झंझावात गेला, तिकडे बर्फ पडलं, की त्याच्या मागून कोरडे गार वारे राजस्थान-गुजरातवरून खाली उतरतात. पालघर-ठाण्याला ते आधी आणि जास्त लागतात, आमच्यापर्यंत येताना त्यांची धार कमी होते. आणि त्यांना रोखणारे ढग येतात दक्षिणेकडून. बातम्यांत 'राज्यात थंडीची चाहूल' म्हणतात तेव्हा निफाडचा किंवा नगरचा आकडा असतो, आणि तो फक्त उत्तरेचं सांगतो. लक्षद्वीप-केरळकडे काय चाललं आहे ते बघितल्याशिवाय देवगड-राजापूरच्या बागायतदाराने फवारणीचं पाणी कालवू नये.

फळ्यावर : 'ढगाळ, उबदार रात्री आणखी तीन-चार दिवस. पालवीवर तुडतुडे वाढतील, पानं उलटून बघा. थंडी लांबली आहे, गेलेली नाही.'

हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. त्यात किमान तापमान सरासरीच्या वर की खाली एवढंच रंगात दाखवलेलं असतं, गावाचा आकडा नसतो. तरी दिशा कळते. या खेपेला दुसऱ्या आठवड्यापासून उत्तर कोकण निळसर आहे.

२५ नोव्हेंबर

पानं उलटून बघितली. व्हाळाकाठी तुडतुडे आहेत, पिलं जास्त. सड्यावर तुरळक. फवारणी फक्त व्हाळाकाठच्या बागांत ठरली. सड्यावरच्यांनी औषधाचे पैसे वाचवले.

३० नोव्हेंबर

वारा फिरला. पहाटे फीत दक्षिणेकडे, म्हणजे सरळ उत्तरेचा वारा, आणि नऊ वाजले तरी पडला नाही. खाडीच्या तोंडाशी पाणी चुरचुरीत झालं आहे. लहान होड्या आज उशिरा निघाल्या.

४ डिसेंबर

शाळा १८.५, सडा १७, व्हाळ १४. साडेआठला कोरडा २०, ओला १६. ओठ फुटले, हात उलले. सकाळी शाळेत मुलं उन्हाच्या पट्ट्यात सरकून बसली होती.

दापोलीचं किमान आमच्यापेक्षा कमी, ते नेहमीच असतं. दापोली किनाऱ्यापासून फार लांब नाही, पण पठारावर आहे, समुद्राची ऊब तिथे पोचत नाही. त्यामुळे 'कोकणात दापोली इतकी गार' ही बातमी वाचून खाडीकाठच्या माणसाने आपला हिशेब करू नये. जवळचा आकडा बघावा, आणि आता तो आहे.

थंडीच्या लाटेचा निकष एकाने विचारला. सपाट प्रदेशात किमान १० किंवा त्याखाली गेल्यावर तिचा विचार होतो. किनारी ठाण्यांना ते लावलं तर इथे लाट कधी येणारच नाही, म्हणून किनाऱ्यासाठी वेगळं ठरवलं आहे : १५ किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश कमी. व्हाळाची पेटी चौदावर गेली म्हणून ही लाट नव्हे. ते खोलगटाचं वाचन आहे, आणि त्या जागेची सरासरी काढायला अजून काही वर्षं जावी लागतील. फळ्यावर 'थंडीची लाट' हा शब्द हवामान विभागाने वापरल्याशिवाय लिहायचा नाही असं ठरलं.

कमाल अजून ३२.५. दुपारी पंखा, पहाटे दोन चादरी.

९ डिसेंबर

सड्यावरच्या कलमांचे डोळे फुगले. दक्षिणेच्या बाजूच्या फांद्या आधी. फुगलेला डोळा सुरीने उभा चिरून बघितला, आत मोहोराच्या दांडीचे बारीक हिरवे खवले आहेत, पानांची घडी नाही. म्हणजे मोहोरच. काकींनी तो तळहातावर घेऊन दोनदा बघितला.

विद्यापीठाचं वेळापत्रक बघून या टप्प्याची फवारणी ठरवली, डोळे फुगल्यावर आणि मोहोर फुटण्याआधी. सड्यावरच्यांना आज निरोप गेला. व्हाळाकाठी अजून काही नाही, दोन-चार जुन्या कलमांच्या वरच्या फांद्या सोडल्या तर.

पुढे भुरी या बुरशीच्या रोगाकडे लक्ष. गार रात्र, दमट सकाळ आणि कोरडी उबदार दुपार या हवेत भुरी मोहोरावर पसरते. ढगाळ हवा आणि पाऊस आला तर करपा. म्हणजे आकाश निरभ्र राहिलं तर एक भीती, भरून आलं तर दुसरी. त्यामुळे आता फळ्यावर दवाचा रकाना रोज भरायचा, आणि नुसतं 'आहे-नाही' पुरणार नाही. मोहोरावरचं दव किती वाजता सुकलं तेही लिहायचं. ते काम सड्यावरच्या बागेतल्या नेपाळी दाजूने आपणहून घेतलं. तो पहाटे उठून बाग फिरतोच.

१२ डिसेंबर

फळ्यावरचा आजचा मजकूर : 'पुढचे पाच दिवस आकाश निरभ्र. किमान खाडीकाठी १८-१९, सड्यावर १७ च्या आसपास, व्हाळाकाठी १४-१५. दुपार ३२-३३. वारा सकाळी उत्तर-ईशान्य, खारा वारा बारानंतर. सडा : पहिली फवारणी शनिवारपर्यंत आटोपा, सकाळी दव सुकल्यावर, वारा वाढण्याआधी. व्हाळ : फवारणी नको, पालवी बघत राहा. कुळथाला खुरपणी. होड्या : पहाटे तोंडाशी लाटा, लहान होड्यांनी उजाडल्यावर निघावं. दक्षिणेकडे सध्या काही नाही. शुक्रवारी पुन्हा बघू.'

करायची कामं : सड्यावरच्या पेटीची खालची झडप उन्हाने तडकली आहे, बदलायची. तिन्ही तापमापक जानेवारीच्या सुरुवातीला पुन्हा बर्फात तपासायचे. ऑक्टोबरपासूनची वाचनं आठवीच्या मुलींनी आलेखाच्या कागदावर काढायला घेतली आहेत, त्यांना व्हाळासाठी निळी पेन्सिल हवी आहे. शेजारच्या गावच्या सोसायटीने फळ्याबद्दल विचारलं. त्यांना पेटीचं माप आणि सुताराचा पत्ता कळवायचा, आणि पहिली पेटी त्यांच्या सर्वांत खोल बागेत बसवा म्हणून सांगायचं.